दहा सेंटची बचत आणि गावाची पत



लग्नाचा हंगाम आटोपला की आमच्या कार्यालयात येणाऱ्यांपैकी काही जण आत आल्यावर दार लोटून घेतात, खुर्ची थोडी पुढे सरकवतात आणि हळू आवाजात बोलू लागतात. विषय बहुतेक वेळा कर्जाचा असतो. कुणी मुलीच्या लग्नासाठी पैसे उचललेले असतात, कुणी आजारपणासाठी, तर कुणा तरुणाने मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून पाच मिनिटांत घेतलेले कर्ज आता रात्रीची झोप उडवत असते. आम्ही ऐकून घेतो, सोबत प्रार्थना करतो, जमेल तेवढी मदत करतो. पण ती व्यक्ती निघून गेल्यावर एक बोचणी मागे राहते. काटकसर करा, कर्ज काढू नका, असे आम्ही वेदीवरून अनेकदा सांगितले. मात्र ज्याच्या हातात आठवड्याला थोडेच उरते, त्याने ते कुठे ठेवावे आणि अडीअडचणीला कुणाकडे जावे, हे सांगायचे आम्ही विसरलो.

शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाने एका कॅथलिक गृहस्थाची झोप उडवली होती. ते धर्मगुरू नव्हते, श्रीमंत नव्हते, बँकेत नोकरीलाही नव्हते. वेदीवर मान मिळालेले संतही ते नाहीत. तरीही त्यांचे चरित्र प्रत्येक धर्मग्रामाने एकदा तरी वाचावे असे आहे. त्यांचे नाव आल्फोन्स देजार्दें.

पंधरा भावंडांतला आठवा

कॅनडा देशात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तेथील बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे आणि कॅथलिक. सेंट लॉरेन्स या विशाल नदीच्या एका काठावर क्वेबेक शहर आणि समोरच्या काठावर लेव्ही हे गाव. या लेव्ही गावात 5 नोव्हेंबर 1854 रोजी आल्फोन्स यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत त्यांचा क्रमांक आठवा. घरची मिळकत बेताची, खाणारी तोंडे अनेक. आज आहे त्यात उद्याचे भागवायचे कसे, हा हिशेब ते पाटीवर गणित शिकण्याआधीच आईच्या स्वयंपाकघरात शिकले असावेत.

गावातल्या कॉलेजात धर्मगुरूंच्या हाताखाली काही वर्षे शिक्षण झाले आणि ऐन तारुण्यात पदार्पण करतानाच ते थांबले. काही काळ त्यांनी फौजेत काढला, मग ते वृत्तपत्रांत लिहू लागले. पुढे क्वेबेकच्या विधिमंडळातील चर्चा टिपून छापण्याचे काम त्यांनी दहा वर्षे केले. 1889 साली तेही हातचे गेले. 1891 साली त्यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले, ते काही महिन्यांतच बंद पडले. 1879 साली त्यांचा विवाह सोरेल गावच्या दोरिमेन यांच्याशी झाला होता. घरात लहान मुले होती आणि घरधन्याचे उत्पन्न आज आहे तर उद्या नाही. अनिश्चित मिळकतीवर संसार करणे म्हणजे काय, हे या पतिपत्नींना पुस्तकातून कळलेले नव्हते.

1892 साली एकदाची स्थिर नोकरी मिळाली. ओटावा या राजधानीतील संसदेत फ्रेंच भाषणांचे लघुलेखक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अधिवेशन चालू असे तेवढे महिने ते ओटावाला राहत आणि उरलेले दिवस लेव्हीला, आपल्या माणसांत.

सभागृहात ऐकलेला आकडा

1897 सालचा एप्रिल महिना. सावकारी व्याजाला आळा घालणारे विधेयक मांडताना माँट्रियलच्या एका खासदाराने सभागृहात एक प्रकरण सांगितले. एका माणसाने 150 डॉलर कर्ज घेतले होते आणि त्यावरच्या व्याजापोटी 5,000 डॉलर भरण्याचा हुकूम न्यायालयाने त्याला दिला होता.

लघुलेखकाचे काम ऐकायचे आणि उतरवून घ्यायचे. रोज शेकडो शब्द कानांवरून जातात, मनात ठेवायचे म्हटले तर काम होणार नाही. पण हा आकडा आल्फोन्स यांच्या मनातून हलेना. ते आपल्या लेव्हीच्या लोकांकडे नव्याने पाहू लागले. तिथे गोदीत, लाकडाच्या वखारींत आणि रेल्वेत राबणारे मजूर होते. हिवाळ्यात नदी गोठली की बऱ्याच जणांचे काम थांबे. ते महिने दुकानदाराच्या उधारीवर निघत, आणि घरात आजारी पडले की सावकाराचे दार. जे कंटाळत, ते बिऱ्हाड उचलून अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत जात. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन माणसे अशी देश सोडून गेली.

बँका नव्हत्या असे नाही. पण त्या शहरात होत्या आणि त्यांचा व्यवहार व्यापाऱ्यांशी. पोस्टात बचत खाते होते. पोस्ट गरिबाचे पैसे घेई, मात्र त्याला कर्ज देत नसे. म्हणजे ज्याच्याकडे आधीच होते त्याला स्वस्तात मिळे आणि ज्याला खरी गरज त्याला पाचपट महाग. इथेच आल्फोन्स यांना मूळ दुखणे सापडले. गरीब माणूस उधळा आहे म्हणून कर्जात बुडतो, असे सुखवस्तू माणसांना वाटते. त्यांना दिसले ते वेगळे. नळाखाली भांडेच ठेवले नसेल तर पाणी वाया जाणारच. गरिबाच्या दहा सेंटना भांडे नव्हते.

तीन वर्षांचा अभ्यास

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना अ‍ॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्विनास यांची व्याजाबद्दलची मते पाठ केली होती. पैशाला पैसा प्रसवत नाही, गरजवंताच्या अडचणीवर नफा कमावणे हा अन्याय आहे, हे आम्ही परीक्षेत उत्तम लिहिले. ख्रिस्तसभेने शतकानुशतके सावकारीचा निषेध केला, तो योग्यच होता. पण निषेधाने कुणाची चूल पेटत नाही. सावकाराचे दार बंद करायचे तर दुसरे एखादे दार उघडावे लागते. आल्फोन्स यांचे मोठेपण हे, की त्यांनी पापावर बोट ठेवून न थांबता दार शोधायला सुरुवात केली.

हेन्री वुल्फ या लेखकाचे युरोपातील लोकबँकांवरचे पुस्तक त्यांच्या हाती आले. जर्मनीत रायफायझेन यांनी शेतकऱ्यांसाठी आणि इटलीत लुझात्ती यांनी कारागीर व छोट्या व्यापाऱ्यांसाठी पतसंस्था उभ्या केल्या होत्या. आल्फोन्स यांनी वुल्फ यांना पत्र लिहिले, मग युरोपातील इतर जाणकारांना लिहिले. दिवसा संसदेत भाषणे उतरवायची आणि फावल्या वेळात टेबलाशी बसून दूरदेशीच्या पतसंस्थांचे नियम अभ्यासायचे, असा क्रम तीन वर्षे चालला. कुठलाच नमुना त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. आपल्या लोकांना झेपेल असे त्यांनी स्वतः रचले.

6 डिसेंबर 1900 रोजी लेव्हीतील शंभराच्या आसपास लोक एका सभेला जमले. तो संत निकोलसचा सण होता, हा योगायोग आम्हाला गोड वाटतो. गरीब मुलींच्या घरात रात्री गुपचूप पैसे टाकणारा असा हा संत. या सभेत मात्र कुणी कुणाला दान दिले नाही. लोकांनी एकमेकांसाठी एक पेढी स्थापन केली आणि तिला लोकांची तिजोरी अशा अर्थाचे नाव दिले, कॅस पोप्युलेर. आल्फोन्स तेव्हा 46 वर्षांचे होते.

नियम साधे होते. एका शेअरची किंमत 5 डॉलर. मजुराला ती एकदम परवडणारी नव्हती, म्हणून आठवड्याला 10 सेंटच्या हप्त्याने भरण्याची मुभा. 5 डॉलर पुरे व्हायला 50 आठवडे लागत, म्हणजे जवळजवळ वर्षभराचे रविवार. कुणाचे शेअर कितीही असोत, मत एकच. कर्ज फक्त सभासदाला आणि तेही उपयोगाच्या कारणासाठी. कर्ज द्यायचे की नाही हे सभासदांनी निवडलेली समिती ठरवणार आणि दुसरी समिती हिशेबांवर नजर ठेवणार. पेढीचे क्षेत्र सहसा एका धर्मग्रामापुरते, कारण तिथे माणसे एकमेकांना ओळखतात.

23 जानेवारी 1901 रोजी, ऐन थंडीत, पेढीने पैसे घ्यायला सुरुवात केली. पहिला भरणा होता 10 सेंटचा. त्या दिवशी एकूण जमा झाले 26 डॉलर 40 सेंट. एखाद्या बँकवाल्याला हसू आले असते. पण मंदिरातल्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हसू येणार नाही.

पत म्हणजे काय

इथे आम्ही थोडे थांबतो. आपल्या भाषेत पत हा फार सुंदर शब्द आहे. पत म्हणजे कर्ज मिळण्याची लायकी आणि पत म्हणजे अब्रूही. युरोपातील भाषांत कर्जासाठी जो क्रेडिट शब्द आहे, तो लॅटिनमधील क्रेडेरे, म्हणजे विश्वास ठेवणे, यावरून आला. लॅटिन मिस्सामध्ये आपले पूर्वज ज्या शब्दाने विश्वासांगिकार सुरू करीत तो क्रेडो, तोही त्याच मुळाचा.

बँक तारण मागते, कारण ती माणसाला ओळखत नाही. शेजारी ओळखतो. अमुक माणूस पितो का, कामाला वेळेवर जातो का, गेल्या वर्षी घेतलेली शिडी त्याने परत केली का, हे गल्लीत सर्वांना माहीत असते. गरिबाकडे जमीन नसेल, सोने नसेल, पण चांगले नाव असू शकते. आल्फोन्स यांनी त्या चांगल्या नावाला तारणाचा दर्जा दिला. आणि ज्याने वर्षभर दर आठवड्याला 10 सेंट आणून दिले, त्याने आपल्या नावाचा पुरावाच दिला होता. बचत ही अशा रीतीने माणसाची साक्ष बनली.

याचा दुसरा फायदा असा की कर्ज कशासाठी, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. मिरवण्यासाठी नाही. जुने महागडे देणे फेडण्यासाठी, कामाची अवजारे घेण्यासाठी, घराला चार पैसे जादा मिळवून देणाऱ्या धंद्यासाठी. जे कर्ज मिळकत वाढवते ते स्वतःच स्वतःला फेडते. जे कर्ज एका दिवसाच्या थाटात जळून जाते ते पुढची पाच वर्षे खाते.

दोरिमेनबाईंचे धैर्य

आल्फोन्स अधिवेशनासाठी सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर ओटावाला गेले की पेढी कोण पाही? त्यांची पत्नी. दोरिमेनबाईंना दहा अपत्ये झाली. त्या संसाराच्या धबडग्यात त्या घरूनच पेढीचे व्यवहार पाहत, पैसे घेत आणि वह्या लिहीत. 1903 ते 1906 या काळात तर व्यवस्थापनाचा भार प्रत्यक्षात त्यांच्यावरच होता. त्या काळच्या क्वेबेकच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला पतीच्या परवानगीशिवाय साधा करारही करता येत नसे. अशा काळात गावातले मजूर आपली पुंजी विश्वासाने त्यांच्या हाती देत होते.

पण एक काटा होता. पेढीला कायद्याचे संरक्षण नव्हते. काही बिनसले असते तर लोकांच्या हजारो डॉलरना हे जोडपे स्वतः जबाबदार धरले गेले असते. राहते घर, पगार, मुलांचे भवितव्य, सर्व पणाला लागले होते. ठेवी वाढत गेल्या तसा आनंदाबरोबर धसकाही वाढत गेला. 1905 च्या सुमारास आल्फोन्स यांचा धीर सुटू लागला होता. मुलाबाळांचा संसार असा धोक्यात घालण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हा प्रश्न कुठल्याही सरळ माणसाला पडेल. दोरिमेनबाई या भीतीत बरोबरीच्या वाटेकरी होत्या, तरी त्यांनी वह्या मिटल्या नाहीत. क्वेबेकचे महाधर्मप्रांताधिपती बेगें यांचाही या कार्याला पाठिंबा होता. अखेर मार्च 1906 मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळाने सहकारी संस्थांचा कायदा संमत केला आणि त्या घराने मोकळा श्वास घेतला.

संपूर्ण कॅनडासाठी असाच कायदा व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. 1908 साली विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले, पण वरिष्ठ सभागृहात ते एका मताने पडले. एका मताने! ज्या इमारतीत ते रोज इतरांची भाषणे टिपत, तिथेच त्यांचे स्वतःचे स्वप्न अडले. ते कडवट झाले नाहीत. अधिवेशन संपले की पिशवी उचलून ते धर्मग्रामांची वाट धरू लागले.

गावोगावी

1907 नंतरच्या आठेक वर्षांत त्यांनी स्वतः फिरून शंभराहून अधिक पेढ्या स्थापन केल्या. एखाद्या धर्मगुरूंचे पत्र येई, हे रविवारी तिथे पोहोचत, लोकांना समजावून सांगत, समित्यांची निवड करून देत, वह्या कशा लिहायच्या ते शिकवत. अनेक ठिकाणी धर्मगुरूच पेढीचे अध्यक्ष किंवा व्यवस्थापक झाले. मुलांना लहानपणीच सवय लागावी म्हणून शाळांतूनही त्यांनी बचतीचा प्रसार केला.

नोव्हेंबर 1908 मध्ये ते अमेरिकेतील मँचेस्टर या गिरणगावी गेले. क्वेबेक सोडून पोटासाठी आलेली माणसे तिथे कापडगिरण्यांत राबत होती. तेथील सेंट मेरीज धर्मग्रामाचे धर्मगुरू पिएर एव्हे यांच्या बोलावण्यावरून त्यांनी जी पेढी सुरू करून दिली, ती अमेरिकेतील पहिली क्रेडिट युनियन. पुढच्याच वर्षी मॅसाच्युसेट्स राज्यात अशा संस्थांसाठी कायदा झाला, त्यातही त्यांचे साहाय्य होते. त्या कायद्यासाठी झटलेले बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलिन हे 1907 साली भारतात येऊन आपल्याकडील सहकारी पतसंस्था पाहून गेले होते.

कारण हेच वारे तेव्हा आपल्या देशातही वाहत होते. रायफायझेन यांच्या नमुन्यावरून भारतात 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आणि आपल्या वसईत 1918 साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी, कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू झाली. लेव्ही आणि वसई यांच्यामध्ये दोन महासागर आहेत, पण दुखणे एक होते आणि औषधही एकच निघाले.

1913 साली पोप दहावे पायस यांनी आल्फोन्स यांना संत ग्रेगरी यांच्या नावाचा बहुमान दिला. त्यानंतर लवकरच आजाराने त्यांना गाठले. 1917 साली त्यांनी संसदेतील नोकरी सोडली. घराबाहेर पडणे अवघड झाले, तरी पत्रांतून मार्गदर्शन चालू राहिले. 31 ऑक्टोबर 1920 रोजी लेव्हीतच त्यांनी देह ठेवला. दोरिमेनबाई पुढे बारा वर्षे या चळवळीच्या आधारस्तंभ होत्या. 1932 साली त्याही प्रभूघरी गेल्या. त्यांचे घर आज वस्तुसंग्रहालय म्हणून जतन केलेले आहे, आणि 10 सेंटपासून सुरू झालेल्या त्या संस्थेचे आज सत्तर लाखांहून अधिक सभासद व ग्राहक आहेत.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, आपल्या आजी-पणजी बचतीचे शास्त्र शिकल्या नव्हत्या. पण वाडीतली फुले, भाजी, कोंबडीची अंडी विकून आलेले पैसे त्या डब्यात वेगळे ठेवत आणि त्यातून एखाद्या मुलाचे शिक्षण होई. पुढे जमिनीला भाव आला. अनेक घरांत एकरकमी पैसा आला. काहींनी तो नीट लावला. काही घरांत तो आला तसाच गेला, आणि जमीनही गेली. आम्ही कुणाला नावे ठेवत नाही. ज्या मांडवांचा खर्च पाहून आज आम्ही हळहळतो, त्याच मांडवांत आम्ही आशीर्वाद देऊन पंगतीला बसलो आहोत. दोष आमचाही आहे.

म्हणून या रविवारी एक साधी विनंती. आपल्या घरात जेवणाच्या वेळी सर्वांनी मिळून दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. आठवड्याला न चुकता बाजूला काढता येईल अशी आपली रक्कम किती? ती कितीही लहान असो. आणि आपण घेतलेले किंवा घेऊ पाहत असलेले कर्ज घरात चार पैसे आणणार आहे, की एका रात्रीच्या रोषणाईत संपणार आहे? मुलांनाही या बोलण्यात बसू द्या. बायकांच्या बचत गटात ज्या भगिनी आहेत, त्यांनी शेजारच्या एका तरी घराला सोबत घ्यावे. बचत ठेवाल तिथे संस्था नोंदणीकृत आहे ना, हिशेब तपासले जातात ना, हे जरूर पाहावे. भरवशाचे आमिष दाखवून बुडवणारेही कमी नाहीत, आणि देजार्दें यांनी हिशेबांवर नजर ठेवणारी वेगळी समिती नेमली होती ती उगाच नव्हे.

आणि ज्यांच्यावर आज कर्जाचे ओझे आहे, त्यांनी लाजू नये. दार लोटून घेऊन या, हरकत नाही, पण या. एकट्याने सोसलेले कर्ज दुप्पट जड होते. यापुढे आम्ही नुसता काटकसरीचा उपदेश करणार नाही. आपल्या धर्मग्रामातील बँकेत नोकरी केलेली आणि हिशेब जाणणारी निवृत्त माणसे आम्ही शोधू, आणि तुमच्यासोबत वही उघडून बसू. लेव्हीतली पेढी चालली ती एका बाईने घरी बसून जपलेल्या वह्यांच्या बळावर. आपली सुरुवातही एका वहीने होऊ शकते.

प्रभू आपल्या सर्वांच्या कष्टाला यश देवो आणि आपली पत राखो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू